निकाल वाचताना: ‘सेवेत झालं’ आणि ‘सेवेमुळे झालं’

सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनवर संशोधन करायचं म्हटलं की हमखास एक निकाल समोर येतो: सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा ‘धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार’. निकाल महत्त्वाचा आहेच. पण तो नेमका कशाचा पुरावा आहे, इथे बरेच जण गडबडतात.

आधी प्रकरण समजून घेऊ. १९८५ मध्ये सिग्नल्स दलात भरती झालेल्या या जवानाला अपस्मारामुळे, म्हणजे फिट येत असल्यामुळे, १९९४ मध्ये सेवेतून कमी केलं गेलं. पेन्शनसाठी दोन अटी होत्या: अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते लष्करी सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं हवं. पहिली अट पूर्ण होती. दुसरीवर मेडिकल बोर्ड म्हणालं, हा प्रकृतीतलाच दोष, सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली गेली.

न्यायालयाने १९८२ च्या नियमांवर बोट ठेवलं. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं धरायचं. सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, रास्त शंकेचा फायदा त्यालाच. ‘भरतीच्या तपासणीत हा रोग कळलाच नसता’ असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर कारणं लिहायला हवीत. ती नव्हती. जवान जिंकला.

निकालाचं बळ इथेच आहे. सगळे वैद्यकीय कागद लष्कराकडे असताना पुरावा जवानाने आणायचा, हा अन्याय तो थांबवतो. एका ओळीचा शेरा म्हणजे वैद्यकीय मत नव्हे, हेही ठणकावून सांगतो.

आता कच्चा दुवा. त्याच नियमांत पुढे म्हटलंय की रोग सेवेत उद्भवला एवढं पुरत नाही. सेवेच्या परिस्थितीचा त्यात वाटा असायला हवा. न्यायालय हे कलम उद्धृत करतं, पण ‘सेवेत’पासून ‘सेवेमुळे’पर्यंतचं अंतर गृहीतकाच्या जोरावर पार करतं. कुठल्या ड्युटीचा, कसल्या ताणाचा अपस्माराशी काय संबंध, याची वैद्यकीय चर्चा जवळपास नाहीच. जवानाला न्याय देण्यासाठी ती गरजेचीही नव्हती. पण म्हणूनच ‘लष्करी सेवेमुळे अपस्मार होतो’ या विधानाखाली हा निकाल संदर्भ म्हणून टाकता येणार नाही. शंकेचा फायदा मिळणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं.

दुसरी गोष्ट नमुन्याची. निकाल गोळा करून ‘बोर्ड इतके टक्के चुकतं’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण निकालात दिसतो तो कोर्टापर्यंत पोहोचलेला जवान. नाकारल्याचं पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवणारा आपल्या तक्त्यात येतच नाही.

तेव्हा निकाल हातात घेतला की आधी विचारा: इथे काय सिद्ध झालं आणि काय फक्त धरून चाललं? वहीत दोन रकाने आखा. अर्धा प्रबंध तिथेच सुधारतो.