तुकोबांच्या स्वप्नातलं पावशेर तूप

मागच्या महिन्यात नाइट शिफ्ट करून आलो, सकाळी साडेआठला आडवा झालो आणि स्वप्न पडलं. इन्स्पेक्शनच्या टेबलावर विठ्ठल आडवा ठेवलेला. माझ्या हातात व्हर्नियर. मी त्याला सांगतोय, “देवा, ड्रॉइंगमध्ये कमरेवरचे हात कुठेच दाखवलेले नाहीत. मला लाल टॅग लावावा लागेल.” विठ्ठल अजिबात रागावला नाही. म्हणाला, “रिवर्कला पाठव, पण विटेसकट पाठव.” तेवढ्यात सुपरवायझर आले आणि विचारू लागले, ही वीट कुणाच्या चलनावर आत आली? मी चलन शोधत राहिलो. जाग आली तेव्हा खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता.

मी अंबडला राहतो. नाशिकच्या, जालन्याच्या नव्हे. इथे एमआयडीसी आहे, शेजारी सिडको आहे, आणि बहुतेकांची झोप शिफ्टच्या हिशोबाने ठरते. कँटीनमध्ये स्वप्न सांगितलं तर सगळे हसले. एकाने लगेच मोबाइलवर ‘स्वप्नात देव दिसणे’ शोधून दाखवलं. धनलाभ म्हणे. विटेचा, व्हर्नियरचा, चलनाचा अर्थ कुणी सांगेना. स्वप्नात खरं माझं असं तेवढंच होतं.

त्या दिवसापासून मी तुकोबांचा एक अभंग पुन्हा पुन्हा वाचतोय. गुरूचा उपदेश स्वप्नात कसा झाला ते त्यात सांगितलंय. बहुतेकांना एवढं माहीत असतं की बाबाजी नावाच्या गुरूंनी तुकोबांना स्वप्नात ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला. पण अभंग नीट वाचा. तुकोबा गंगेच्या स्नानाला निघालेत. वाटेत गुरू भेटतात, डोक्यावर हात ठेवतात. आणि मग जेवायला पावशेर तूप मागतात. तुकोबा ते विसरतात. काहीतरी अडचण येते, गुरूंना जायची घाई होते. त्यानंतर राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण, मग स्वतःचं नाव, मग मंत्र. शेवटी तिथी आणि वार: माघ शुद्ध दशमी, गुरुवार.

आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग सांगताना माणूस मधेच तुपाचं वजन सांगतो, आणि आपण ते द्यायला विसरलो हेही सांगतो. मला याचं फार नवल वाटतं. तुकोबांचं घराणं देहूचं, वाण्याचं. दुकान, वजनमापं, उधारी यांत त्यांचं तरुणपण गेलं. दुष्काळात धंदा बसला. अशा माणसाच्या स्वप्नात गुरू आला तर तो ‘थोडं तूप’ मागणार नाही, पावशेरच मागणार. गिऱ्हाईक असंच बोलतं. आणि गिऱ्हाइकाने सांगितलेला माल विसरणं ही दुकानदाराची जुनी धास्ती आहे. आपल्याला परीक्षेत पेन सापडत नाही, गेटवर पंचिंग कार्ड सापडत नाही, तशीच.

फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक 1899 च्या शेवटी बाजारात आलं, त्यावर साल मात्र 1900 छापलं होतं. आदल्या दिवसातल्या किरकोळ गोष्टी स्वप्नाला कच्चा माल पुरवतात, हे त्याने स्वतःची स्वप्नं उलगडून दाखवलं. त्याच्या आधी अडीचशे वर्षं तुकोबांनी तो कच्चा माल जसाच्या तसा अभंगात ठेवला होता. अर्थ लावायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

दुसरं स्वप्नही असंच आहे. त्यात नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन येतात आणि कविता करण्याचं काम सोपवतात. तिथेही मापाचीच भाषा आहे. विठ्ठल माप धरतो, थापटून सावध करतो. नामदेवांनी शंभर कोटींचा संकल्प केला होता, त्यातला उरलेला आकडा तुकोबांनी पुरा करायचा. म्हणजे कवितेचं टार्गेट, तेही बॅकलॉगसकट. एमआयडीसीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता माझी तक्रार. गेल्या वर्षी आमच्या भागात सप्ताह होता. कीर्तनात हाच अभंग निरूपणाला होता. बुवांनी सांगितलं की तूप म्हणजे तूप नव्हे. दूध म्हणजे देह, लोणी म्हणजे मन, तूप म्हणजे कढवून शुद्ध झालेला अहंकार, आणि गुरूने तोच मागितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण बुवा बोलत होते सुरेख. पण घरी येताना बेचैन होतो.

कारण सांगतो. माझे वडील फिटर होते, चार वर्षांपूर्वी गेले. ते माझ्या स्वप्नात एकदाच आले. गरवारे पॉइंटला सायकल धरून उभे होते. म्हणाले, “येताना अर्धा लिटर दूध आण, तुझ्या आईला सांगू नको मी सांगितलं म्हणून.” मी हो म्हणालो आणि विसरलो. स्वप्नातच विसरलो. पुढे कुठल्यातरी लग्नात जेवत बसलो आणि मधेच आठवलं की दूध राहिलं. त्या दुधाचा अर्थ कुणी मला ‘ज्ञान’ म्हणून सांगितला तर मी भांडेन. ते अर्धा लिटर दूध होतं, पिशवीतलं. माझ्याकडून ते राहून गेलं, यातच माझे वडील आहेत.

तुपाचा अहंकार केला की अभंगातला हा राहून गेलेला माणूस नाहीसा होतो. मग उरतो फक्त सिद्ध संत, ज्याचं काही चुकत नाही. शिवाय हिशोबही जुळत नाही. तूप म्हणजे अहंकार असेल तर तो द्यायचा राहिला, असं तुकोबाच म्हणतायत. मग उपदेश अपुरा म्हणायचा का? अभंगात तर मंत्र मिळालाय आणि तुकोबा तृप्त आहेत. तूप हे तूपच मानलं तर सगळं सरळ लागतं: गुरूने मागितलं, शिष्य विसरला, तरी मंत्र मिळाला. मला तर रूपकापेक्षा हा अर्थ मोठा वाटतो.

कुणी म्हणेल, स्वप्न खरंच असं पडलं याला पुरावा काय? पुरावा नाही. अभंग जागेपणी रचलेला आहे, काय ठेवायचं नि काय गाळायचं हे तुकोबांनी ठरवलंय. माझा मुद्दा तोच आहे. आपल्या नाशिकजवळ ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. तिथे दाखवायला डोंगर आहे, गुहा आहे. तुकोबांकडे दाखवायला काही नव्हतं. जातीने त्यांना शूद्र ठरवलेलं, कविता करायचा अधिकार काय असा सवाल समोर, आणि उत्तर काय, तर मला स्वप्न पडलं. अशा वेळी खोटा माणूस स्वप्नात तेज, फुलं, आकाशवाणी भरेल. तुकोबांनी स्वतःची विसरभोळी चूक भरली. मला ते खरं वाटतं ते या चुकीमुळे.

त्या स्वप्नाचा पुढचा धागा संत बहिणाबाईंपर्यंत जातो. ‘अरे संसार’वाल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, 1628 साली जन्मलेल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या. कोल्हापुरात असताना त्यांना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला, असं त्या आत्मचरित्राच्या अभंगांत सांगतात. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू करणं नवऱ्याला सहन होईना. जागेपणी ही भेट कुणी होऊ दिली नसती. स्वप्नाला गेट नाही आणि गेटपासही नाही.

म्हणून सत्तेला स्वप्नंही घाबरवतात, आणि सत्ता स्वप्नांत शिरतेही. शार्लोट बेराट या पत्रकार बाईने 1933 पासून हिटलरच्या जर्मनीत शेजारपाजारच्या लोकांची स्वप्नं गोळा केली, चिठ्ठ्या पुस्तकांच्या बांधणीत लपवल्या. 1966 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात एका बाईच्या स्वप्नात घरातली शेगडी बोलू लागते आणि घरात सरकारविरुद्ध काय काय बोललं गेलं ते सैनिकाला सांगून टाकते. ऐकताना हसू येतं, मग येत नाही. तिथे शेगडी हे ‘प्रतीक’ आहे म्हणून पुढे सरकलात तर भीती हातातून निसटते. ती त्यांच्या घरातली, रोज ऊब देणारी शेगडी होती.

तुम्हालाही विचित्र स्वप्नं पडत असतील. लिफ्टमध्ये म्हैस, ऑनलाइन लेक्चरला आजी, चार्जर लावलेली भाकरी. मोबाइलवर अर्थ शोधायच्या आधी त्यातल्या वस्तू लिहून ठेवा, वजनासकट. जाग आल्यावर स्वप्न पटकन उडून जातं.

एक गोष्ट राहिली. तुकोबा ‘गंगे’च्या स्नानाला निघाले होते. देहूची नदी इंद्रायणी. पण आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडे. त्यामुळे मला तो अभंग वाचताना दर वेळी दिसतात ते तुकोबा आमच्या गंगेकडे निघालेले, मागे कुणीतरी पावशेर तुपाची आठवण करून देणारं. हा अर्थ चुकीचा आहे, मला माहीत आहे. पण नाइट शिफ्टनंतर दिसतो तो असाच.