मागणी आणि मालकी : चेखव्हच्या एका एकांकिकेतील सर्वनामे

एकांकिकेतील विवाह बहुधा आकस्मिक असतो. अवकाश तोकडा, म्हणून नाटककाराने घाई केली, असा आक्षेप त्यावर सहज घेता येतो. अंतोन चेखव्हने १८८८ साली लिहिलेल्या 'मागणी' (मूळ रशियन नाव 'प्रेद्लोझेनिये') या एकांकिकेच्या संदर्भात हा आक्षेप कितपत टिकतो, हे पाहावयाचे आहे.

पस्तिशीतला जमीनदार लोमोव्ह शेजारच्या चुबुकोव्हच्या मुलीला, नताल्याला, मागणी घालण्यास येतो. खऱ्या प्रेमाची वाट पाहत बसल्यास विवाह कधीच व्हावयाचा नाही, असा त्याचा हिशेब आहे. नताल्या गृहकृत्यदक्ष आहे, सुशिक्षित आहे, दिसावयासही वाईट नाही; तेवढे त्याला पुरते. परंतु मागणीच्या शब्दांआधीच 'माझी कुरणे' हे शब्द त्याच्या तोंडून निसटतात आणि पाच देस्यातीना, म्हणजे सुमारे साडेतेरा एकर, जमिनीवरून वाद पेटतो. क्षणापूर्वी लोमोव्हला पुत्रवत मानणारा चुबुकोव्हही त्यात उतरतो. मग एका घराण्याच्या आजोबांचे मद्यपान, पळून गेलेली आत्या, दुसऱ्या घराण्यातील आईचे शारीरिक व्यंग, असे दोन्हीकडचे वाडवडील उकरून काढले जातात.

नताल्या कुरणांविषयी 'नाशि' हे सर्वनाम वापरते. श्रोत्याला वगळणारे 'आमचे' आणि त्याला सामावून घेणारे 'आपले' हा भेद रशियन सर्वनाम दाखवीत नाही; मराठी दाखविते. म्हणून मराठी अनुवादकाला निवड करावीच लागते. भांडणात ती निवड सोपी आहे: कुरणे 'आमची'. खरी कसोटी पुढे आहे. पाहुणा मागणी घालण्यास आला होता, हे कळताच नताल्या त्याला परत बोलाविते आणि कुरणे त्याचीच असल्याचे मान्य करते. येथे आदरार्थी 'आपली' हा शब्द लेखणीवर सहज येईल. पण मराठी श्रोत्याला त्यात 'तुमची' आणि 'आपणा दोघांची' असे दोन्ही अर्थ ऐकू येतील, आणि चेखव्हने न दिलेला समेट एका शब्दात होऊन जाईल. तेथे 'तुमची' हेच योग्य. नताल्या हक्क सोडते. वाटून घेत नाही. म्हणूनच लगेच कोणाचा शिकारी कुत्रा सरस, हा दुसरा वाद उभा राहतो.

अखेर लोमोव्ह मूर्च्छित पडतो. तो शुद्धीवर येताच चुबुकोव्ह घाईघाईने दोघांचे हात जुळवून आशीर्वाद देतो. त्यानंतरही नताल्या आदरार्थी बहुवचनातच बोलते आणि लोमोव्हचा कुत्रा हलका असल्याचा हेका सोडीत नाही. बाप शँपेन मागवून आवाज बुडवू पाहतो.

चेखव्हने या कृतीला 'एकअंकी विनोद' म्हटले आहे. तिच्यावर एवढा भार घालू नये, असे कोणी म्हणेल. पण येथील हसू मालकीच्या हट्टातूनच निर्माण होते. हा विवाह पाच अंकांनंतर झाला असता, तरी ही पात्रे 'आपले' म्हणाली नसती. म्हणून त्याची आकस्मिकता हा रचनेचा दोष नव्हे. दोन घराण्यांतील सत्तेचा झगडा विवाहाने मिटला नाही. तो कुंपणावरून घरात आला, एवढेच. आपल्या भाषेत 'मागणी' हा एकच शब्द वधूसाठीही चालतो आणि हक्कासाठीही. अनुवादकाने तो योगायोग जपावा; 'आपली'चा मात्र कटाक्षाने टाळावा.