‘राडारोडा’ : संज्ञा आणि गणित

बांधकाम व पाडकाम यांतून देशात दरवर्षी किती टाकाऊ पदार्थ निघतात, या प्रश्नाची उपलब्ध उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. शासकीय लेखनात दीर्घकाळ एक ते सव्वा कोटी टनांचा आकडा पुनरुक्त होत राहिला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०१३ साठी ५३ कोटी टनांचा अंदाज मांडला. या संस्थेने जुन्या इमारतींचे पाडकाम व दुरुस्ती यांचाही हिशेब केला होता. म्हणजे हा भेद मोजमापाचा नसून मुख्यतः व्याप्तीचा आहे. आणि व्याप्ती ठरविणे हे संज्ञेचे कार्य होय.

मराठीत यासाठी ‘राडारोडा’ हा शब्द रूढ आहे. राडा म्हणजे चिखल, रोडा म्हणजे विटेचा वा दगडाचा तुकडा. समासाने दोन भिन्न पदार्थांचा एकच ढीग केला. व्यवहारात हे सोयीचे असले, तरी नियमात ते चालणार नाही.

२०१६ च्या केंद्रीय नियमांतही हाच दोष दिसतो. त्यांतील व्याख्येत बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती व पाडकाम यांतून निघणारे बांधकाम-साहित्य आणि ढिगारा यांचा अंतर्भाव आहे. पायाच्या खोदाईतील मातीचा उल्लेख नाही. पुढे मात्र दिवसाला २० टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला ३०० टन कचरा काढणाऱ्यांनी करावयाच्या वर्गीकरणात ‘माती’ अवतरते. हे वर्ग चार सांगितले आहेत. पण ‘काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लास्टिक, विटा व माल’ ही नामावली स्वल्पविरामांप्रमाणे मोजल्यास पाच भरते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. टिफॅक या संस्थेच्या २००१ च्या अहवालात नव्या बांधकामास दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो आणि पाडकामास ३०० ते ५०० किलो असे प्रमाण दिले आहे. ५० किलो धरल्यास १०,००० चौरस मीटरच्या नव्या इमारतीचा कचरा ५०० टन होतो. तिच्या तळघरासाठी १,००० चौरस मीटर जागा ३ मीटर खोल खणली, तर ३,००० घनमीटर माती निघेल. घनमीटरला दीड टन धरल्यास ती ४,५०० टन, म्हणजे नऊपट भरते. एका शब्दाच्या अंतर्भावाने अंदाज दसपट होतो!

व्यवस्थापनही यावरच अवलंबून आहे. माती व मुरूम भरावास उपयोगी पडतात. काँक्रीट दळून त्याची खडी करता येते. आयएस ३८३ या मानकाने २०१६ पासून अशी खडी एम-२५ पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत मान्य केली. परंतु माती मिसळली की तिची प्रत घसरते. मुंबईत तर २०१६ साली उच्च न्यायालयाने कचराभूमींच्या प्रश्नावरून नव्या बांधकामांवर निर्बंध घातले होते, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शिथिल करताना राडारोडा नेमून दिलेल्या जागीच टाकण्याची अट घातली. अशा शहरात जागेचा अंदाज चुकणे परवडणारे नाही.

२०२५ साली अधिसूचित झालेल्या नियमांनी १ एप्रिल २०२६ पासून मोठ्या प्रकल्पांवर विस्तारित जबाबदारी व पुनर्वापराची उद्दिष्टे ठेवली. उद्दिष्टाची टक्केवारी कशाची, हे प्रथम निश्चित झाले पाहिजे. त्यासाठी महापालिकांनी आपल्या नोंदवह्यांत ‘खोदमाती’, ‘पाडकामाचा रोडा’ व ‘नव्या बांधकामाची नासधूस’ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. राडा आणि रोडा यांचा विग्रह व्याकरणात होतोच. तो आता हिशेबातही व्हावा.