टोकं कुणाच्या ताटात?

पुस्तकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, नाटकाचं तर दुसरा प्रयोग लागायच्या आत येतं. मग पदार्थ शिकवणाऱ्या क्लासचं का येऊ नये? तिकीट काढून बसायचं, दोन-अडीच तासांचा खेळ, सुरुवात-मध्य-शेवट ठरलेला, एक मुख्य कलाकार आणि पडदा पडला की फोटो. हाही प्रयोगच आहे. फक्त त्याबद्दल आपण स्टोरीवर ‘मस्त होता’ एवढंच टाकतो आणि पुढे जातो.

गेल्या वर्षभरात मी असे दोन प्रयोग पाहिले, म्हणजे केले. पहिला टोकियोला फिरायला गेले होते तेव्हा, सजावटीच्या सुशीचा. दुसरा दादरला, गणपतीच्या आधीच्या रविवारी, उकडीच्या मोदकांचा. दोन्हीकडे तांदूळ, दोन्हीकडे हातांची कसरत, दोन्हीकडे शेवटी फूल. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघावेसे वाटले.

आधी सुशी. या प्रकाराला काझारी माकीझुशी म्हणतात. काझारी म्हणजे सजावट, माकी म्हणजे गुंडाळी. शिजवलेल्या भातात व्हिनेगर, साखर, मीठ मिसळलेलं असतं. त्यातला थोडा भात गुलाबी रंगवायचा, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून त्याचे पाच सारखे भाग करायचे आणि नोरी या समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदासारख्या पट्ट्यांत गुंडाळून पाच बारीक सुरळ्या करायच्या. मधे पिवळा दांडा, भोवती या पाच सुरळ्या, त्यांच्या भोवती पांढरा भात, बाहेरून पुन्हा नोरी. बांबूच्या चटईत घट्ट आवळायचं. ओल्या सुरीने कापलं की प्रत्येक कापात पाच पाकळ्यांचं फूल.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की चित्र काढत असताना चित्र दिसत नाही. आपण लांबी भरत असतो, फूल मात्र रुंदीत असतं. आत काय होतंय ते कापल्यावरच कळतं. जपानी बाईंनी हे समजावायला बराच वेळ घेतला. आपल्याकडच्या कुणालाही एका वाक्यात सांगता आलं असतं: अळूवडीसारखं. पानावर पीठ, त्यावर पान, घट्ट वळकटी, वाफ, मग सुरी. आतलं चक्र कापल्यावर उमटतं.

आता हे चित्र आलं कुठून? टोकियोच्या पूर्वेला चिबा नावाचा प्रांत आहे. तिथे घराघरांतून ‘फुतोमाकी मात्सुरीझुशी’ करतात. शब्दशः, सणाची जाड गुंडाळी. लग्न, सण, चार माणसं जमण्याचे प्रसंग, तेव्हा ती होते. तिच्यात फुलं असतात, अक्षरंही असतात. 2007 साली जपानच्या कृषी मंत्रालयाने गावोगावच्या पारंपरिक पदार्थांची यादी निवडली, त्यात चिबाची ही जाड सुशी आहे. म्हणजे सजावटीची सुशी ही काही पर्यटकांसाठी निघालेली टूम नाही. ती पंगतीची गोष्ट आहे.

आणि पंगत म्हटलं की त्या चित्राचा अर्थ बदलतो. एका गुंडाळीचे दहा काप केले तर दहाही जणांना तेच फूल मिळतं. पाटलाला मोठं आणि गड्याला छोटं असं करता येत नाही. माझ्या मते या कलेचं मर्म सुबकपणात नाही. सगळ्यांना सारखं वाढण्याची ती एक युक्ती आहे. अळूवडीचंही तेच, मोदकाचंही तेच.

क्लासमध्ये नेमकं हेच गळून पडतं. टोकियोत आम्ही आठ जण होतो. आठ जणांनी आठ गुंडाळ्या केल्या आणि आठ जणांनी आपापल्या खोक्यात आपापली फुलं भरून नेली. कुणी कुणाला वाढलं नाही. जो पदार्थ एकाने करून अनेकांनी खायचा, तो प्रत्येकाने आपला केला, आपणच टिपला आणि आपणच खाल्ला. बाई उत्तम होत्या, भात उत्तम होता. पण पंगतीचा पदार्थ एकट्याचा झाला होता.

आणखी एक बारीक गोष्ट. गुंडाळीची दोन्ही टोकं वेडीवाकडी निघतात, तिथे फूल नीट उमटत नाही. बाईंनी ती सराईतपणे कापून बाजूच्या बशीत सारली. फोटोत फक्त मधले काप. आमच्या घरी अळूवडीची टोकं कुठे जातात हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती करणारीच्या तोंडात जातात, उभ्याउभ्या, ओट्यापाशी. पाहुण्यांच्या ताटात चक्रं, आईच्या वाट्याला टोकं.

इथे 1970 हे साल आठवतं. त्या वर्षी फ्रेंच समीक्षक रोलां बार्त यांचं जपानवरचं पुस्तक आलं, ‘एम्पायर ऑफ साइन्स’ या नावाने ते इंग्रजीत वाचता येतं. त्यात ते जपानी ताटाकडे चित्र वाचावं तसं बघतात. त्याच वर्षी मराठीत कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, वाटी आणि चमचा या घरातल्या मापांनी स्वयंपाक सांगणारं. एक ताटाच्या बाजूने लिहिलेलं, दुसरं शेगडीच्या बाजूने. क्लास आपल्याला शेगडीच्या बाजूला उभं करण्याचं वचन देतो. पण टोकं बशीत सरकवली जातात त्या क्षणी आपण पुन्हा ताटाच्या बाजूला आलेलो असतो.

दादरच्या क्लासमध्ये हे जास्त ठळक दिसलं, कारण तिथला पदार्थ माझा होता. टेबलावर उकड तयार, मळून, ओल्या फडक्याखाली झाकलेली. सारण तयार, वाटीत. आम्ही काय करायचं, तर पारी आणि कळ्या. शिकवणाऱ्या काकू फारच चांगल्या होत्या. बोटांना तेल-पाणी लावून लिंबाएवढी गोळी कशी खोलगट करत न्यायची, कडा पातळ आणि तळ जाड का ठेवायचा, अंगठा आत आणि दोन बोटं बाहेर ठेवून कळी कशी चिमटायची, हे त्यांनी प्रत्येकाच्या मागे उभं राहून दाखवलं. एकीची पारी फाटली तर तिचाच हात धरून सांधली.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी समीक्षकाच्या वहीत लिहून घेतली. कळ्या शोभेसाठी नसतात. पसरट पारीचं तोंड मिटवायचं तर जादा कडेला कुठेतरी जावं लागतं, ती कळ्यांत जाते. कळ्या सारख्या अंतरावर पडल्या तर तोंड मधोमध मिटतं आणि वाफेत मोदक उकलत नाही. म्हणजे जी नक्षी वाटते तीच शिवण आहे. मोदकपात्रात हळदीच्या पानावर पंधरा मिनिटांत तिची परीक्षा होते.

पण नारळ कुणी खवला? उकळत्या पाण्यात पिठी घालून, वाफ आणून, हाताला चटके बसत असताना उकड कुणी मळली? ते आम्ही यायच्या आधी झालं होतं. मोदकाच्या कामातला वेळखाऊ आणि भाजणारा भाग पडद्यामागे, देखणा भाग रंगमंचावर. आम्ही प्रत्येकी पाच मोदक केले. नैवेद्याला एकवीस लागतात, आणि गणपतीच्या ऑर्डरी घेणारी बाई पहाटेपासून त्याच्या कितीतरी पट करत असते. पाचव्या मोदकाला मजा वाटते. एकविसाव्याला पाठ बोलते. या पदार्थाचं ज्ञान त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि क्लास त्याच्या अलीकडे संपतो.

या शहरात हाताच्या कामाला मोजमाप होतं, म्हणून मला हे खटकतं. 1959 साली गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे लाटणारी बहीण मालकीण असते आणि तिचं काम किलोवर मोजलं जातं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तिथे हिशोब माणशी आणि महिन्याचा. पापड एकसारखा गोल असणं, डब्यात कुणाला कमी-जास्त न पडणं, हीच तिथली नक्षी. चिबाच्या फुलाशी तिचं नातं जवळचं आहे.

माझी आजी लालबागच्या चाळीत अशीच गिरणीतल्या माणसांना जेवू घालायची. 1982 चा संप झाला, जेवणारी माणसं गावी गेली आणि मोठी पातेली माळ्यावर गेली. आजीच्या स्वयंपाकाचा एकही फोटो नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई आता ‘आमच्या वेळचं’ सुरू करणार. नाही. कारण घरातली शिकवणी हा काही स्वर्ग नव्हता. लग्नातलं रुखवत आठवा. साखरेचे, रव्याचे, डाळींचे ते सगळे देखावे मुलीला काय काय येतं याचं जाहीर प्रगतिपुस्तकच होतं. कळ्या जितक्या जास्त तितकी सुगरण, हे कौतुक म्हणून म्हटलं जायचं आणि ती परीक्षा असायची. मुलाच्या कळ्या कुणी मोजल्या नाहीत. शिवाय सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिकायला जायचं तर आधी कुठल्या घरात जन्मलात ते बघितलं जायचं.

माझ्या आईला मोदक सुरेख येतात. तिने मला ते कधी शिकवले नाहीत. विचारलं तर म्हणायची, “येत नाही म्हणालीस की सुटशील. येतं म्हणालीस की तुझ्यावर पडेल.” तिचं खरं होतं. सणाच्या दिवशी ज्यांना येतं त्या आत आणि ज्यांना येत नाही ते बाहेर आरतीला, अशीच आमच्या घराची विभागणी होती.

दादरच्या त्या खोलीत माझ्या एका बाजूला बँकेत काम करणारा मुलगा होता, दुसऱ्या बाजूला पन्नाशीचे एक काका. कुणी आडनाव विचारलं नाही. कुणाच्या कळ्यांवरून कुणाचं लग्न ठरणार नव्हतं. फी भरली की उंबरा ओलांडता येतो, ही बाजारातली गोष्ट असेल, पण घराने कित्येकांना तेवढंही दिलं नव्हतं. नऊ कळ्यांचा मोदक केवळ करून बघावासा वाटला म्हणून करता येणं, हे माझ्या आईला न मिळालेलं सुख आहे. क्लासचं हे श्रेय मी पूर्ण देते.

मग निकाल काय? दोन्ही क्लास शिकवण्यात चोख. टोकियोचा मोजमापात सरस, दादरचा स्पर्शात. मात्र दोन्ही क्लास पदार्थाला त्याच्या संख्येपासून तोडतात, आणि संख्या तोडली की मेहनत दिसेनाशी होते. मग पुढच्या वेळी मोदकाचा भाव ऐकून क्लास करून आलेला माणूसच म्हणतो, “एका मोदकाला एवढे?” खरं तर भाव कमी वाटायला हवा, निदान त्याला तरी.

सुधारणा अवघड नाही. पाच-पाच मोदक घरी न्यायला देण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकवीस करावेत आणि एकमेकांना वाढावेत. उकड प्रत्येकाने एकदा तरी गरम असताना मळावी. शेवटी दहा मिनिटं काकूंनी हिशोब सांगावा: नारळ केवढ्याला, गूळ केवढ्याला, गॅस, वेळ, आणि हातात काय उरतं. असा क्लास कुणी काढला तर मी पुन्हा फी भरेन आणि आईलाही नेईन, शिकायला नाही, खायला.

तोवर जो मिळेल तो क्लास करा, फोटोही काढा. फक्त निघण्याआधी शिकवणाऱ्या बाईंना विचारा, गणपतीत तुम्ही दिवसाला किती करता आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः कधी जेवता.