एफएम स्क्रीनिंग: निबंधात जिंकलं, मशीनवर का अडलं?

घरात एखादा साड्यांचा छापील कॅटलॉग असेल तर तो भिंगाखाली धरून बघा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके रांगेत बसलेले दिसतील. फिकट जागी ठिपका बारीक, गडद जागी जाड, पण दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर ठरलेलं. ही आपली नेहमीची एएम जाळी. चार रंगांच्या जाळ्या एकमेकींवर पडून भलतीच नक्षी उमटू नये म्हणून त्या वेगवेगळ्या कोनांत फिरवतात: साधारणपणे सायन 15 अंशांवर, काळा 45, मॅजेंटा 75 आणि पिवळा बिचारा शून्यावर, कारण त्याची गडबड डोळ्याला सगळ्यात कमी जाणवते. एवढं करूनही खणाचा क्लोजअप आला की कापडाची वीण आणि छपाईची जाळी यांचं भांडण जुंपतं आणि कापडात नसलेल्या लाटा कागदावर दिसतात. हाच तो मॉयरे.

एफएममध्ये उलटं आहे. सगळे ठिपके एका मापाचे, साधारण 20 मायक्रॉन. गडद हवं तर ठिपक्यांची संख्या वाढवायची. रांगच नाही, तर भांडण कशाचं? मात्र ठिपके अगदी वाटेल तसे फेकले तर फोटो वाळू सांडल्यासारखा दिसतो. ते विखुरलेले, पण एकमेकांपासून सुटे राहतील असे बसवायचे, ही 'ब्लू नॉइज'ची कल्पना रॉबर्ट उलिच्नी यांनी 1987 च्या पुस्तकात नीट मांडली. 1993 मध्ये आग्फाचं क्रिस्टलरास्टर आणि लिनोटाइप-हेलचं डायमंड स्क्रीनिंग बाजारात आलं. तरी आज बहुतेक ठिकाणी एएमच चालतं.

आता माझी तक्रार, आणि तिच्यात मीही आरोपी आहे. आमच्या क्षेत्रातले बरेच निबंध जाळीची गुणवत्ता संगणकावरच तपासतात. ठिपका म्हणजे काटेकोर चौकोन, शाई रेषेबाहेर जात नाही, कागद प्रकाश पसरवत नाही. मीही दोन वर्षं हेच गृहीत धरून आलेख काढले.

एक साधा हिशोब करू. 2400 डीपीआयची प्लेट, 150 लाइनची जाळी. एका घरात 16 बाय 16 पिक्सेल, घराची बाजू सुमारे 169 मायक्रॉन. 25 टक्के टोन म्हणजे 64 पिक्सेल भरायचे. एएममध्ये 8 बाय 8 चा एक चौकोन. कडेची लांबी 32 पिक्सेल. एफएममध्ये 2 बाय 2 चे 16 सुटे ठिपके; कडेची एकूण लांबी 128. क्षेत्रफळ तेच, कड चौपट. आता ब्लँकेटच्या दाबाने शाई प्रत्येक बाजूला फक्त 2 मायक्रॉन पसरली असं समजा. एएमचे 25 टक्के होतात सुमारे 27, एफएमचे 35! शिवाय कागदाच्या आत प्रकाश पसरून ठिपका आणखी मोठा भासतो (युल आणि नील्सन यांनी 1951 मध्येच हे मांडलं होतं), आणि तो परिणामही कडेपाशीच घडतो.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या प्रेसमध्ये मी उत्साहाने एफएमची चाचणी करायला लावली. प्लेटचा कर्व्ह जुनाच, एएमचा, ठेवला. कापड सुंदर आलं, एकही लाट नाही. मॉडेलचा चेहरा मात्र उन्हातान्हात राबल्यासारखा. मशीनमनकाका शीट वर धरून एवढंच म्हणाले, "ताई, साडी विकली जाईल, पण ही बाई कोण?" चूक माझी होती, कागद त्यांचा वाया गेला.

म्हणून "एफएम वाईट" असा निष्कर्ष काढला तर तोही चुकीचा. "आमच्याकडे 20 मायक्रॉनचा ठिपका टिकत नाही" असं म्हणणाऱ्यांनी बघावं: वरच्याच घरात एएमचा 1 टक्क्याचा ठिपका जेमतेम 17 मायक्रॉनचा असतो. तो टिकत नसेल तर तुमचे हायलाइट आजही उडतायत, फक्त कोणी मोजत नाही. 1993 मधली मोठी अडचण फिल्मचीही होती. फिल्मवरून प्लेटवर उतरताना बारीक ठिपके धुळीने, प्रकाशाने खाल्ले जात. सीटीपीने ती पायरीच काढून टाकली. उरतो तो कर्व्ह, आणि तो प्रत्येक कागदाला वेगळा काढावा लागतो. आर्ट पेपरचा मॅपलिथोला चालत नाही. त्यासाठी डेन्सिटोमीटर हवा आणि रोज तेच प्रेशर, तीच शाई ठेवणारा माणूस हवा. सॉफ्टवेअर विकणारे हा खर्च सांगत नाहीत, आणि आमचे निबंधही सांगत नाहीत.

संशोधनात यावर बरा मार्ग आहे तो 'ग्रीन नॉइज'चा: सुट्या ठिपक्यांऐवजी छोटे पुंजके, म्हणजे कड कमी. पुंजका मोठा केला की मशीनवर सोपं जातं, पण सपाट टिंटमध्ये दाणे दिसू लागतात. नेमका केवढा पुंजका, हे मशीन आणि कागद ठरवणार, माझा अल्गोरिदम नाही.

पुढच्या महिन्यात त्याच प्रेसमध्ये परत जातेय. या वेळी आधी नुसती टोनची पट्टी छापायची, दोन्ही कागदांवर, आणि मोजायची. चेहरा नंतर. कागद मी विकत घेतलाय.