लाल अक्षर कोणाच्या छातीवर?

पालघर-माहीमच्या मुलांना हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) शिकवताना मी शेवटापाशी थांबतो. व्यभिचाराचे लाल अक्षर हेस्टर छातीवर उघड वागवते. तिच्या मुलीचा बाप, धर्मोपदेशक डिम्सडेल, सात वर्षे प्रवचने झोडतो. मरताना तो चौथऱ्यावर कबुली देतो, तरी काही प्रतिष्ठित साक्षीदार म्हणतात, त्याने तसे काही कबूल केलेच नाही! आमचे समीक्षक मात्र त्याच्या मनाच्या घालमेलीतच रमतात.

हा शहाजोगपणा आपल्या ओळखीचा आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा सौम्य झाली. पण बाप? ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) लिहून त्यालाच पिंजऱ्यात ओढले. हॉथॉर्न एका पुरुषाच्या मनात शिरतो, ताराबाई साऱ्या पुरुषजातीची झडती घेतात.

त्याआधीच, १८६३ साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे. हेस्टरला चौथऱ्यावर चढवून नाव विचारणाऱ्या धर्मसत्तेला इतके सडेतोड उत्तर मला कोणत्याही कादंबरीत आढळलेले नाही. हेस्टरची मुलगी वारशाने श्रीमंत होऊन परदेशी गेली. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात पुण्यात रोगी तपासत राहिला.