'आमच्या' या शब्दाचा अर्थ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील प्रार्थनाविचार

मीरा-भाईंदर हे शहर ठाण्याच्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीलगत वसलेले आहे. त्यातील भाईंदर, डोंगरी, उत्तन या गावांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास पोर्तुगीज अमदानीपर्यंत मागे जातो. १५३४ साली वसईचा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्य गेले, परंतु उपासना राहिली. या समाजाच्या जुन्या घराण्यांची बोली मराठीच होती. देवळातील मिस्साविधीची भाषा मात्र लॅटिन होती. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला ठराव प्रसिद्ध केला आणि लोकभाषांना विधीत प्रवेश मिळाला. तोवर भाविकाच्या कानी पडणारे विधीचे शब्द त्याच्या घरच्या भाषेतले नव्हते. म्हणूनच प्रार्थना कशी करावी हा प्रश्न येथे केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. तो भाषेचा व वाङ्मयाचाही होतो.

प्रथम 'प्रार्थना' हा शब्दच पाहण्याजोगा आहे. 'अर्थ्' या धातूपासून तो आला असून मागणे, याचना करणे हा त्याचा मूळ आशय आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत मागणे आहे यात संशय नाही. परंतु ते आरंभी नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य येशूला प्रार्थना करावयास शिकवण्याची विनंती करतो. उत्तरादाखल त्याला एखादी साधनापद्धती मिळत नाही, थोडे शब्द मिळतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात हेच शब्द अधिक विस्ताराने आले आहेत. त्यांत देवाचे नाम, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांना प्रथम स्थान आहे. मनुष्याची भाकर त्यानंतर येते. तेव्हा 'प्रार्थना' या शब्दाने या कृतीचा उत्तरार्ध तेवढा सुचविला जातो. पूर्वार्धासाठी मराठीला 'उपासना' किंवा 'नामस्मरण' यांसारख्या शब्दांचे साहाय्य घ्यावे लागते.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा वाङ्मयीन प्रयत्न गोव्यात झाला. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या रचनेचे कारण ग्रंथारंभीच आले आहे. ख्रिस्ती सिद्धान्ताचे पाठ चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण अशा आशयाची विनंती करतो की, पूर्वीची पुराणे बंद झाली असतील तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यावे. ही विनंती फार अर्थपूर्ण आहे. पाठांतराने प्रार्थनेचे शब्द मुखी येतात. त्या शब्दांमागची कथा मात्र श्रवणानेच अंतःकरणात उतरते. स्टीफन्सने ही गरज ओळखली आणि ओवीचा आश्रय केला. पाठांतराची बाजूही त्याने सोडली नाही: त्याची प्रश्नोत्तररूप कोंकणी 'दौत्रिन क्रिस्तां' त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाली. उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश याने तेथील मराठी बोलीत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे पुराण रचले. त्याचे प्रकाशनवर्ष १६५९. तथापि या पुराणपरंपरेला एक मर्यादा आहे. पुराणाचा श्रोता ऐकतो, द्रवतो. स्वतः बोलत नाही. प्रार्थनेत मात्र बोलणे अपरिहार्य आहे.

हे बोलणे नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या काव्यात ऐकू येते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाच्या रूपाने ख्रिस्ताशी थेट संभाषण मांडले. ख्रिस्त त्यांना गुरुमाउली वाटतो. 'माउली' या एका शब्दाबरोबर ज्ञानदेव-तुकारामांची सारी परंपरा ख्रिस्ती उपासनेत प्रवेश करते. हा केवळ वेषपालट आहे, असा आक्षेप घेता येईल. तो टिकणारा नाही. जुन्या मराठी घरात पित्याला 'अहो' म्हणत, आईला 'अगं'. देवाला पिता म्हणावयाचे आणि तरीही 'तू' म्हणून हाक मारावयाची, ही ख्रिस्ती प्रार्थनेतील सलगी मराठी कानाला सहज पटली, ती संतांनी विठ्ठलाला आधीच माउली करून ठेवले होते म्हणून. टिळकांचे श्रेय हे की त्यांनी ही वाट ओळखली. त्यांची उणीव दुसरीकडे आहे. त्यांच्या अभंगांचा प्रमुख सूर 'मी' आणि 'तू' यांचा आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' कोठेही येत नाही.

येथे मराठीचे व्याकरण टीकाकाराच्या मदतीस येते. मूळ ग्रीकमध्ये किंवा लॅटिनमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाचा एकच प्रकार आहे. मराठीला मात्र निवड करावी लागते: 'आपल्या' म्हटले तर ऐकणाराही समाविष्ट होतो, 'आमच्या' म्हटले तर तो वगळला जातो. प्रार्थनेत ऐकणारा देव आहे. म्हणून भाषांतरात 'आमच्या' हेच रूप अवश्य ठरते. परिणामी देव आणि मनुष्य यांतील अंतर एकाच शब्दाने राखले जाते, आणि मनुष्यामनुष्यांतील अंतर त्याच शब्दाने पुसले जाते. हा अर्थ ग्रीकमध्ये अध्याहृत होता. मराठीत तो उच्चारला जातो. विशेष असे की, याच अध्यायात येशू प्रथम खोलीत जाऊन, दार लावून एकान्तात प्रार्थना करण्यास सांगतो आणि लगेच जे शब्द देतो ते अनेकवचनी आहेत. एकान्त मान्य आहे, एकटेपणा नाही. टिळकांचा एकान्त म्हणूनच चुकीचा ठरत नाही. तो या अनेकवचनापर्यंत नेहमी पोहोचत नाही, एवढेच.

या अनेकवचनाची कसोटी पुढील दोन मागण्यांत लागते. भाकर मागावयाची ती 'आमची'. शेजारी उपाशी असता ती मागणी अपुरी राहते. क्षमेच्या मागणीत मत्तयाने योजलेला शब्द ऋणाचा आहे. मासेमारीच्या उत्तनला किंवा मिठागरांच्या भाईंदरला ऋण हे केवळ रूपक वाटण्याचे कारण नाही. तेथे ही मागणी करणाऱ्याला स्वतःचा ऋणको आठवावा लागतो, कारण त्याला सोडल्याचा उल्लेख त्याच वाक्यात आहे. प्रार्थना येथे मागणाऱ्यालाच बांधून घेते.

यावरून असे दिसते की, पाठांतर, श्रवण आणि संभाषण या तीन पायऱ्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने क्रमाने गाठल्या. लोकभाषेतील सामुदायिक उपासनेने चौथी पायरी उपलब्ध करून दिली आहे. मात्र शब्द समजू लागले म्हणजे प्रार्थना समजली असे होत नाही. परक्या भाषेच्या आड न कळल्याची सबब तरी होती. स्वभाषेत 'आमच्या' म्हणणाऱ्याला ती उरलेली नाही.